दगडावर उमटलेली शकुंतला

मेनका तान्ह्या मुलीला पुढे धरते आहे आणि विश्वामित्र हात आडवा करून तोंड फिरवतो आहे. राजा रविवर्म्यांचे ‘शकुंतला जन्म’ हे चित्र आपल्या इतके ओळखीचे झाले आहे, की मूळ कथाही अशीच असावी असे वाटते. महाभारताच्या आदिपर्वात मात्र मेनका मुलीला मालिनी नदीकाठी सोडून जाते आणि पक्षी तिला राखतात. बापाचा नकार चित्रकाराने पुढे आणला आणि घरोघरी पोचवला तो छापखान्याने.

1894 साली रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजराजवर्मा यांनी गिरगावात छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. ‘शकुंतला जन्म’ हे तिथले पहिले चित्र. मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

हे काम शिळाछापाचे. त्यासाठीचा उत्तम चुनखडी दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींतून येई. घासून गुळगुळीत केलेल्या शिळेवर तेलकट शाईने चित्र उलटे काढायचे, मग डिंकाचे पाणी फिरवायचे. ओल्या दगडावर रूळ फिरला की तेलकट रेघ शाई धरते, उरलेला दगड ती झिडकारतो. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. एकच कागद एकामागून एक शिळांवर दाबला जाई. तो केसभर सरकला तरी मेनकेचे ओठ गालावर जात. म्हणून मूळ तैलचित्र पाहून कुठल्या रंगाचा ठिपका कुठे पडेल, हे शिळेवरच्या कारागिराला आधीच मनात जुळवावे लागे. कातडीची झाक, जरीची चमक, सावलीतले रान हे सारे त्या ठिपक्यांतून उभे राही.

रविवर्म्यांनी हा छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. दादासाहेब फाळकेही काही काळ तिथे काम करत होते. 1972 च्या आगीत कारखाना गेला.

तैलचित्र राजवाड्यात टांगले जाई, छापील चित्र मात्र साध्या घराच्या भिंतीवर आले. लोकांनी त्याला हार घातले, बायकांनी त्यावर जर आणि टिकल्या शिवल्या. चित्राखाली नाव राहिले रविवर्म्यांचे, आणि ते योग्यच आहे. पण कल्पना त्यांची असली, तरी आपल्या घरांत पोचलेला रंगन् रंग शिळेवरच्या कारागिरांचा आहे. जुनी चित्रे जपणाऱ्या संग्रहालयांनी आणि संग्राहकांनी चित्रकाराइतकाच या कारागिरीचाही इतिहास लिहायला हवा.