हृदयाचा आलेख निघाला शहराला

मध्य आफ्रिकेतील कॅमेरून या देशाची लोकसंख्या 2010 च्या सुमारास दोन कोटींच्या आसपास होती. हृदयरोगतज्ज्ञ मात्र जेमतेम पन्नास! तेही बहुतेक याउंदे आणि दुआला या दोन मोठ्या शहरांत. खेड्यातील रुग्णाला हृदयाच्या तपासणीसाठी लांबचा प्रवास करावा लागे. रुग्णाऐवजी त्याचा ई.सी.जी., म्हणजे हृदयाचा विद्युत्-आलेखच शहरात धाडला तर? आर्थर झांग या तरुण अभियंत्याने हा प्रश्न हाती घेतला.

कल्पना तशी जुनी. ई.सी.जी.चे जनक विलेम आइनथोवेन यांनी हॉलंडमधील लायडेन येथे 1905 साली रुग्णालयातील रुग्णांचे हृदयसंकेत टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणून त्यांचे आलेख घेतले होते.

यात अडचण कोणती? हृदयाच्या ठोक्याबरोबर त्वचेवर मिळणारे विभवांतर सुमारे 1 मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चमधील घटाच्या दीड हजारावा भाग असते. शिवाय भोवतालच्या वीजतारांमुळे त्यात 50 हर्ट्झचा उपद्रव मिसळतो. म्हणून प्रवर्धक असा लागतो, की जो दोन इलेक्ट्रोडांमधील फरक तेवढा वाढवील आणि दोन्हींवर सारखाच असलेला उपद्रव दडपून टाकील. त्यानंतर संकेताचे आकड्यांत रूपांतर करतात. समजा, सेकंदाला 500 नोंदी, प्रत्येक नोंदीला 2 बाइट, असे 12 आलेख 10 सेकंदांचे घेतले. गुणाकार करून पाहा: 1,20,000 बाइट. मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहूनही हे ओझे सहसा हलकेच!

झांग यांचे शिक्षण याउंदेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले, पण ते संगणकाचे. इलेक्ट्रॉनिक्सची बाजू कच्ची होती. ती त्यांनी भारतातील आय.आय.टी.च्या इंटरनेटवरील पाठांतून भरून काढली आणि 'कार्डिओपॅड' तयार केले. रुग्णाच्या छातीवरील इलेक्ट्रोडांचे संकेत बिनतारी पद्धतीने एका पाटीसारख्या संगणकावर येतात. तेथून मोबाइलच्या जाळ्यातून ते शहरातील तज्ज्ञाकडे पोचतात. यंत्र बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी काम थांबत नाही.

परंतु प्रयोगशाळेतील एक यंत्र देशाला कसे पुरणार? यंत्रे बनवायची, रुग्णालयांना द्यायची, बिघडली तर दुरुस्त करायची, तर त्यासाठी कारखानदारीच हवी. म्हणून झांग उद्योजक झाले. 'हिमोर मेडिकल' ही कंपनी त्यांनी काढली. 2014 मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने आफ्रिकेतील अभियंत्यांसाठी ठेवलेले 25,000 पौंडांचे पारितोषिक त्यांना दिले.

कार्डिओपॅडमुळे कॅमेरूनमध्ये एकही नवा डॉक्टर तयार झाला नाही. मात्र जे थोडे तज्ज्ञ आहेत, त्यांना दूरच्या रुग्णाचा आलेख जागेवर बसून वाचता येऊ लागला. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या तालुक्यातील दवाखान्यात कशाची उणीव आहे, हे एकदा तेथील डॉक्टरांनाच विचारून पाहा.