तळणीच्या तेलापासून बायोडिझेल: एका छोट्या उद्योगाची घडण

बायोडिझेल हे वनस्पतितेल किंवा प्राणिज चरबीपासून बनवलेले, डिझेल इंजिनात चालणारे इंधन आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन थेट शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. मात्र नुसते तेल डिझेलपेक्षा फार दाट असते. ते नीट फवारले जात नाही आणि इंजिनात काजळी धरते. म्हणून मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून त्याचे पातळ मिथाइल एस्टर करतात. हे एस्टर म्हणजेच बायोडिझेल.

भारतात सुरुवातीला मोगली एरंड (जट्रोफा) आणि करंज यांच्या बियांवर भर होता. पडीक जमिनीत, पाण्याविना भरपूर बी मिळेल, ही मोगली एरंडाबद्दलची अपेक्षा फोल ठरली. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागत असल्याने ताजे तेल इंधनासाठी वापरणेही परवडत नाही. छोट्या कारखान्यासाठी उरतो तो तळणीच्या तेलाचा मार्ग. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल पुन्हा खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकाकडेच द्यावे, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे.

या उद्योगाची खरी कसोटी तेल गोळा करण्यात आहे. फरसाण आणि वेफर्सचे कारखाने, हॉटेले, वडापावच्या गाड्या, कँटीन अशा विखुरलेल्या ठिकाणांहून तेल ठरल्या दिवशी उचलावे लागते. डबे पुरवणे, जागेवर वजन करणे आणि रोख पैसे देणे यांवर पुरवठादार टिकतो. हेच तेल स्वस्तात घेऊन पुन्हा तळणीसाठी विकणाऱ्यांशी स्पर्धा असते, त्यामुळे कायद्याची कडक अंमलबजावणी हा प्रामाणिक उद्योजकाचा मोठा आधार ठरतो.

कारखान्यात आलेले तेल गाळून तापवतात, म्हणजे त्यातील पाणी उडून जाते. मग टायट्रेशन करून मुक्त मेदाम्लांचे प्रमाण मोजतात. ते दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर अल्कलीशी त्याचा साबण होतो आणि बॅच बिघडते. अशा तेलावर आधी सल्फ्युरिक आम्ल व मिथेनॉलची प्रक्रिया करतात. मुख्य अभिक्रियेत कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश उत्प्रेरक म्हणून मिथेनॉलमध्ये विरघळवतात आणि ते मिश्रण सुमारे ६० अंश सेल्सियसला तापवलेल्या तेलात ढवळतात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून तापमान त्याखाली ठेवतात. १०० किलो तेलाला हिशेबाने ११ किलो मिथेनॉल पुरते, पण अभिक्रिया पूर्णत्वाला जावी म्हणून जवळपास दुप्पट घालतात आणि उरलेले परत मिळवतात.

तास-दोन तासांनी मिश्रण निवळू देतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते, वर बायोडिझेल राहते. ते कोमट पाण्याने धुऊन किंवा रेझिनमधून गाळून कोरडे करतात. १०० किलो तेलापासून सुमारे तेवढेच बायोडिझेल व १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. कच्च्या ग्लिसरीनला गिऱ्हाईक शोधणे व धुण्याच्या पाण्यावर प्रक्रिया करणे, ही कामे आराखड्यातच धरावी लागतात.

गुणवत्तेसाठी भारतीय मानक आयएस १५६०७ लागू आहे. त्यात एस्टरचे प्रमाण किमान ९६.५ टक्के आणि पाणी किलोमागे कमाल ५०० मिलिग्रॅम असावे लागते. आपल्याकडे तळणीला पामतेल मोठ्या प्रमाणात वापरले जाते आणि त्याचे बायोडिझेल थंडीत लवकर गोठते. म्हणून विदर्भ किंवा नाशिककडच्या हिवाळ्यात ते डिझेलमध्ये मिसळूनच वापरणे बरे. फार दिवस साठवल्यास हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचा दर्जा घसरतो.

मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. भरदिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. म्हणून बंद पात्रे, ठिणगीरोधक विद्युत जोडणी आणि वायुवीजन यांत काटकसर चालत नाही. साठवणुकीचे परवाने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती उत्पादनाआधीच घ्यावी लागते.

राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०१८ नुसार २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या खाद्यतेलापासूनच्या बायोडिझेलसाठी १०० शहरांत प्रस्ताव मागवले. पहिल्या वर्षाचा दर लिटरला ५१ रुपये होता. तेल कंपन्यांच्या निविदांखेरीज थेट घाऊक ग्राहकही मिळू शकतात. बायोडिझेलच्या नावाखाली भेसळीचे औद्योगिक तेल विकण्याचे प्रकार महाराष्ट्रात उघडकीस आल्याने प्रत्येक खेपेसोबत प्रयोगशाळेचा अहवाल देणे, हीच विश्वासाची पायाभरणी होते.

उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा तेलाचा असतो. पामतेल महागले की तळणीचे तेलही महागते, विक्रीचा दर मात्र डिझेलच्या भावाशी बांधलेला राहतो. या कात्रीतून वाचायचे तर यंत्रे घेण्यापूर्वी वर्षभर पुरेल इतक्या तेलाचे पुरवठादार नक्की करणे, निविदेचा दर ठरवताना तेलाच्या भावातली चढ धरणे आणि मिथेनॉलची गळती रोखणे आवश्यक आहे. कारखान्याची क्षमताही खात्रीने गोळा होणाऱ्या तेलावरूनच ठरवावी.