विश्लेषण : 'गांधी' ते डॉन लोगन... बेन किंग्जली यांच्या कोणत्या भूमिका पाहायलाच हव्यात?

'गांधी' म्हटलं की आपल्याकडे दोन चेहरे डोळ्यांसमोर येतात. एक नोटेवरचा आणि दुसरा बेन किंग्जली यांचा. दर २ ऑक्टोबरला टीव्हीवर लागणाऱ्या सिनेमामुळे हा ब्रिटिश अभिनेता आपल्या घरातलाच होऊन बसला आहे. पण याच माणसाने पुढे वाक्यागणिक शिव्या देणारा गुंड रंगवला, शिंडलरचा हिशेबनीस केला, नाझी अधिकारी आइखमन केला, शीख ड्रायव्हिंग शिक्षक केला आणि 'द जंगल बुक'मधल्या बघीराला आवाज दिला, हे अनेकांना ठाऊक नसतं. ऐंशी ओलांडल्यानंतरही त्यांचं काम थांबलेलं नाही. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्ये ते हेलन मिरेन आणि पिअर्स ब्रॉस्नन यांच्या जोडीला आहेत. ऑस्करची चार नामांकनं, त्यात एक विजय, आणि चारही भूमिका एकमेकींपासून कोसभर लांब. हे कसं जमलं?

कृष्णा भानजी हे नाव का बदललं?

किंग्जली यांचं जन्मनाव कृष्णा पंडित भानजी. जन्म ३१ डिसेंबर १९४३, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधलं स्नेन्टन हे गाव. वडील डॉक्टर, मूळचे गुजराती खोजा घराण्यातले, जन्म केनियाचा. आई इंग्रज, अभिनेत्री आणि मॉडेल. बालपण मँचेस्टरजवळ सॅलफर्ड भागात गेलं.

साठच्या दशकात नाटकांच्या ऑडिशनला जाताना 'कृष्णा भानजी' हे नाव आडवं येतंय, असं त्यांच्या लक्षात आलं. काम आवडायचं, पण या माणसाला नेमकी कोणती भूमिका द्यायची हे समोरच्याला कळायचं नाही. मग त्यांनी नाव बदललं. 'बेन' हे वडिलांचं टोपणनाव. 'किंग्जली' आलं आजोबांवरून. ते झांझिबारला मसाल्याचा व्यापार करत आणि लवंगेच्या धंद्यामुळे त्यांना 'किंग क्लोव्ह' म्हणत. म्हणजे इंग्रजी वाटणाऱ्या नावातही खानदानाची लवंग राहिलीच.

नाव बदलल्यावर कामं मिळू लागली. १९६७ मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. पीटर ब्रूक यांनी १९७० मध्ये बसवलेल्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये ते होते. १९७२ चा 'फिअर इज द की' हा पहिला सिनेमा, पण त्यानंतर जवळपास दशकभर रंगभूमी आणि टीव्ही हेच घर. आणि मग भारतीय नाव टाकून दिलेल्या या नटाकडे चालून आली ती भारतातली सर्वांत मोठी भूमिका. यातली गंमत स्वतः किंग्जली यांनीही मुलाखतींत बोलून दाखवली आहे.

'गांधी'मध्ये त्यांनी नेमकं काय केलं?

रिचर्ड अॅटनबरो यांच्या डोक्यात हा सिनेमा १९६२ पासून होता. पडद्यावर यायला वीस वर्षं लागली. गांधींच्या भूमिकेसाठी नसीरुद्दीन शाह यांचीही लंडनमध्ये स्क्रीन टेस्ट झाली होती. भूमिका किंग्जली यांना मिळाली, तेव्हा सिनेमाच्या जगात त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. ते पथ्यावरच पडलं. ओळखीचा स्टार असता तर प्रेक्षकाला आधी तो दिसला असता आणि मग गांधी.

चित्रीकरणाच्या वेळी किंग्जली साधारण ३७ वर्षांचे होते. त्यांना साकारायचा होता दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या डब्यातून ढकलून दिलेला विशीतला बॅरिस्टर आणि बिर्ला हाउसच्या हिरवळीवर चालणारा ७८ वर्षांचा वृद्धही. वजन कमी करणं, योगासनं, चरखा हे सगळं त्यांनी केलं. पण सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा मेकअपपेक्षा चाल बघा. तरुण मोहनदासाच्या चालीत थोडा अवघडलेपणा आहे, नव्या सुटात शिरलेल्या माणसाचा. जसजसे कपडे कमी होतात तसतशी ती चाल मोकळी होत जाते. वय वाढतंय आणि पावलं हलकी होताहेत. हे उलटं गणित आहे आणि ते कुठल्याही संवादात लिहिलेलं नाही.

या सिनेमाला ११ नामांकनांपैकी ८ ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या शर्यतीत समोर डस्टिन हॉफमन, पॉल न्यूमन, जॅक लेमन आणि पीटर ओ'टूल होते. जवळजवळ नवख्या नटाने या चौघांना मागे टाकलं. १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

या सिनेमाशी मराठी माणसांचं नातं काय?

बरंच आहे. कस्तुरबा साकारल्या रोहिणी हट्टंगडी यांनी आणि त्यासाठी सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. चरखा चालवता चालवता संवाद म्हणण्याचा सराव त्यांनाही करावा लागला होता. किंग्जली रॉयल शेक्सपिअर कंपनीचे, हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या. दोन वेगळ्या शाळांमधले नट एका संसाराची चाळीसहून अधिक वर्षं दाखवतात आणि कुठेही सांधा दिसत नाही. गोपाळ कृष्ण गोखले झाले डॉ. श्रीराम लागू. वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या. ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

मात्र सिनेमावर एक रास्त आक्षेपही आहे. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पात्रच नाही. पुणे करार ज्या इतिहासाचा भाग आहे, त्या इतिहासावरच्या सिनेमातली ही जागा रिकामी राहणं खटकतं. दोष पटकथेचा, अभिनेत्याचा नाही. पण आज सिनेमा पाहताना हे लक्षात ठेवूनच पाहायला हवं.

मग पुढे अडचण कुठे आली?

पहिल्याच मोठ्या भूमिकेत जगभर संत म्हणून ओळख झाली की पुढे काय करायचं? आपल्याकडे रामायणातल्या राम-सीतेचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. किंग्जली यांनी सुटका शोधली ती छोट्या, वेगवेगळ्या भूमिकांमध्ये. हॅरॉल्ड पिंटर यांच्या नाटकावरच्या 'बिट्रेयल'मध्ये (१९८३) ते फसवला गेलेला, पण सगळं माहीत असलेला नवरा झाले. 'विदाउट अ क्लू' (१९८८) या विनोदी सिनेमात डॉ. वॉटसन झाले. इथे डोकं वॉटसनचं आहे आणि शेरलॉक होम्स (मायकल केन) हा भाड्याने आणलेला दारुडा नट. 'बग्सी'मध्ये (१९९१) ते मायर लॅन्स्की हा गुन्हेगारी जगातला थंड डोक्याचा माणूस झाले आणि दुसरं ऑस्कर नामांकन मिळालं.

'शिंडलर्स लिस्ट'मध्ये त्यांच्याकडे बघायचं ते कशासाठी?

१९९३ च्या या सिनेमात सगळ्यांच्या लक्षात राहतात लियाम नीसन आणि राल्फ फाइन्स. किंग्जली यांचा इत्झाक स्टर्न हा हिशेबनीस कोपऱ्यात असतो. वास्तवातल्या एकाहून जास्त माणसांची कामं एकत्र करून हे पात्र लिहिलं गेलं.

स्टर्न फार बोलत नाही. बोलला तर पकडला जाईल. त्यामुळे किंग्जली यांनी सगळं चष्म्यामागच्या डोळ्यांत आणि मानेच्या हालचालीत ठेवलं. शिंडलर त्याला दारूचा पेला देऊ करतो आणि स्टर्न तो पेला ओठाला लावत नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासोबत प्यायचं नाही, इतकी साधी गोष्ट. खूप पुढे, सगळं संपल्यासारखं वाटत असताना शिंडलर म्हणतो की हे सारं कधीतरी संपेल आणि तेव्हा आपण एकत्र पिऊ. त्यावर स्टर्न म्हणतो की मग मी आत्ताच घेतो. डोळ्यांत पाणी, हातात पेला, आवाज मात्र हिशेब सांगतानाचाच. शेवटी पाहायला मिळेल याची खात्री नसलेल्या माणसाचं ते वाक्य आहे. ऑस्करच्या नामांकन यादीत या भूमिकेचं नाव नव्हतं. आमच्या मते ही त्या वर्षातली मोठी चूक.

नाझी अत्याचारांच्या इतिहासाकडे किंग्जली वारंवार वळले. १९८९ मध्ये ते नाझींचा माग काढणारे सायमन वीझेनथाल झाले, २००१ मध्ये टीव्हीसाठी अॅन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक. आणि २०१८ च्या 'ऑपरेशन फिनाले'मध्ये थेट दुसऱ्या बाजूला जाऊन अॅडॉल्फ आइखमन. बांधून ठेवलेला आइखमन तिथे राक्षसासारखा वागत नाही. तो सौजन्याने बोलतो, कुटुंबाची चौकशी करतो. म्हणूनच त्याच्यासमोर बसलेल्या इस्रायली गुप्तहेराप्रमाणे आपलीही पंचाईत होते.

सगळ्यात स्फोटक भूमिका कोणती?

एकच भूमिका पाहायला वेळ असेल तर 'सेक्सी बीस्ट' (२०००) बघा. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांचा हा पहिलाच सिनेमा. गॅल (रे विन्स्टन) हा निवृत्त चोर स्पेनमध्ये बायकोसोबत उन्हात पडून आराम करतोय. एका रात्री जेवणाच्या टेबलावर मित्र सांगतो, डॉनचा फोन आला होता. चौघांच्या तोंडचं पाणी पळतं. अजून डॉन पडद्यावर आलेलाही नाही.

येतो तेव्हा तो एक किरकोळ अंगाचा, टक्कल असलेला, ताठ चालणारा माणूस असतो. गॅल त्याच्या दुप्पट आहे. तरी भीती कोणाची कोणाला वाटते ते दोन मिनिटांत कळतं. डॉनला गॅल लंडनमधल्या चोरीसाठी हवा आहे आणि 'नाही' हा शब्द त्याला समजत नाही. तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, दर वेळी वेग बदलून, एखादं मशीन अडकावं आणि अडकतानाच तापत जावं तसं. बाथरूममध्ये आरशासमोर स्वतःशीच भांडतो. विमानात सिगारेट विझवायला नकार देतो. आणि मध्येच एका क्षणी कळतं की या माणसाला मित्राच्या बायकोबद्दल काहीतरी वाटतं आणि त्याचं काय करायचं ते त्याला माहीत नाही. तेवढ्यापुरती त्याची दया येते, लगेच जाते.

गांधींमध्ये जो निग्रह होता, तोच इथे आहे. हटायचं नाही, समोरचा थकेपर्यंत थांबायचं. फक्त तो चुकीच्या माणसाच्या हाती पडला आहे. आमचं मत विचाराल तर किंग्जली यांचं सर्वांत अवघड काम हेच. शिव्या भरपूर आहेत, त्यामुळे घरच्यांसोबत लावू नका.

'हाउस ऑफ सँड अँड फॉग' चटका का लावतो?

२००३ च्या या सिनेमात किंग्जली इराणी कर्नल बेहरानी आहेत. शहाच्या काळात हवाई दलात मोठा हुद्दा होता. क्रांतीनंतर अमेरिकेत येऊन तो दिवसा रस्त्याच्या कामावर मजुरी करतो आणि रात्री दुकानाच्या काउंटरवर उभा राहतो. घरी जाण्याआधी मात्र अंग धुऊन सूट चढवतो, कारण चारचौघांत रुबाब टिकवायचा आहे. लिलावात तो एक घर स्वस्तात घेतो. ते घर ज्या तरुणीकडून (जेनिफर कॉनेली) कराच्या वसुलीपोटी जप्त झालं, तिची खरं तर चूक नव्हती. चूक सरकारी कार्यालयाची होती.

आता घर कोणाचं? तिच्या वडिलांची ती आठवण, याच्यासाठी मुलाच्या शिक्षणाचा शेवटचा पैसा. आपल्याकडे जमीन आणि घराचे वाद ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हा सिनेमा परका वाटणार नाही. किंग्जली कर्नलला बिचारा होऊ देत नाहीत. तो हेकट आहे, बायकोवर आवाज चढवतो. पण जखमी मुलीला घरात घेऊन तिला पाहुणी म्हणून वागवणाराही तोच. या भूमिकेसाठी चौथं नामांकन मिळालं. शेवट सांगत नाही.

सगळेच सिनेमे चांगले आहेत का?

अजिबात नाही. 'ब्लडरेन' आणि 'द लव्ह गुरू' हे त्यांनी का केले असावेत, हा प्रश्न चाहते अजून विचारतात. अमिताभ बच्चन यांच्यासोबतचा 'तीन पत्ती' (२०१०) कागदावर जबरदस्त वाटला होता, पडद्यावर वाटला नाही.

हॉस्टेलवर लॅपटॉपभोवती गर्दी करून सिनेमे पाहणाऱ्या पिढीला किंग्जली भेटले ते 'शटर आयलंड'मधले डॉ. कॉली म्हणून आणि त्यानंतर 'आयर्न मॅन ३'मधून (२०१३). तिथे जगाला धमकावणारा मँडरिन हा प्रत्यक्षात ट्रेव्हर स्लॅटरी नावाचा फुटकळ नट निघतो. कॉमिक्सचे चाहते चिडले. पण खलनायकाचा तो भारदस्त आवाज एका क्षणात गळून पडतो आणि आतून बिअर पिणारा बावळट माणूस बाहेर येतो, ते बदलणं पुन्हा लावून पाहण्यासारखं आहे. 'शांग-ची'मध्ये (२०२१) हाच ट्रेव्हर परत आला.

कोणी कोणाची भूमिका करावी?

हा प्रश्न आज अधिक टोकदार झाला आहे. ब्रिटिश नटाने गांधी, इराणी कर्नल, 'लर्निंग टू ड्राइव्ह'मधला शीख दरवान सिंग करावा का? त्या त्या समाजातले नट कामाविना असताना ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. पण किंग्जली यांच्याबाबतीत धागा सरळ नाही. ज्याला भारतीय नावामुळे इंग्लंडमध्ये काम मिळेना, तो इंग्रजी नाव घेतल्यावर भारतीय भूमिकेसाठी 'बाहेरचा' ठरला. दोन्ही दारांवर त्याला तोच प्रश्न विचारला गेला. स्थलांतरित माणसांच्या त्यांच्या भूमिका पाहताना हे डोक्यात राहतं. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवणाऱ्या दरवान सिंगला पगडीवरून कोणी डिवचतं तेव्हा तो उत्तर देत नाही, गाडी पुढे नेतो.

सुरुवात कुठून करावी?

'गांधी' पाहिलेला असेलच. त्यानंतर 'शिंडलर्स लिस्ट' आणि लगोलग 'सेक्सी बीस्ट' पाहा, म्हणजे पल्ला कळेल. मन घट्ट असेल त्या दिवशी 'हाउस ऑफ सँड अँड फॉग'. मुलांसोबत पाहायचं असेल तर मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'ह्यूगो' (२०११) उत्तम. त्यात किंग्जली आहेत जॉर्ज मेलिएस, सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातला जादूगार, जो विस्मरणात जाऊन पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर खेळणी विकतोय. आणि हातात फक्त चाळीस मिनिटं असतील तर नेटफ्लिक्सवर वेस अँडरसन यांचा 'द वंडरफुल स्टोरी ऑफ हेन्री शुगर' (२०२३) लावा. डोळ्यांवर पट्टी बांधूनही पाहू शकणाऱ्या इमदाद खानच्या भूमिकेत किंग्जली आहेत. या लघुपटाला ऑस्कर मिळाला आहे.