रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका

"सोलापुरात कुठं बर्फ पडतोय? कूलंट थंड मुलखातल्या गाड्यांना. आपल्याकडं साधं पाणी ओता, काही होत नाही." होटगी रोडपासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत कुठल्याही गॅरेजवर घटकाभर थांबा, हे कानावर पडणारच. सांगणारा बहुधा हाताचा पक्का मिस्त्री असतो, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा. त्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. तरीही हे चूक आहे, आणि सोलापुरात तर ते महाबळेश्वरपेक्षाही जास्त चूक आहे.

हा समज आला कुठून, ते आधी पाहू. कूलंटमधला मुख्य द्रव एथिलीन ग्लायकॉल. १९२७ साली तो अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावानं विकायला आला तो तिथल्या हिवाळ्यासाठीच. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर निघतो एवढीच आपली थंडी, तेव्हा या गुणाचा आपल्याला उपयोग शून्य, हे मान्य. पण पुढच्या दहा वर्षांत विमानांची इंजिनं बनवणाऱ्यांनी हाच द्रव उष्णतेसाठी उचलला. स्पिटफायर विमानांच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत तर निव्वळ ग्लायकॉल खेळवत असत, कारण त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा कितीतरी वर आहे.

पाण्याची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरत नाही. एक किलो पाणी एक अंश तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता घेतं, निम्म्या-निम्म्या मिश्रणाला साधारण साडेतीन पुरते. हिशेब इथंच संपला असता तर पाणीच जिंकलं असतं. पण रेडिएटर कुकरसारखा दाबाखाली चालतो. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर १.१ बार असा आकडा असतो. त्या दाबाखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, मिश्रण १२९च्या आसपास. झाकणाचं रबर थकलं, दाब टिकेना, की सोलापूरच्या उंचीवर पाणी शंभरच्या आधीच उकळू लागतं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश, एसी पूर्ण जोरात, गाडीत पाच माणसं आणि तुळजापूरचा घाट. अशा वेळी ते आठ-नऊ अंश कामी येतात.

तरीही उकळणं हा यातला छोटा भाग आहे. कूलंट बदलायचं ते मुख्यतः धातूसाठी, आणि हे कुणी सांगतच नाही याचा मला राग येतो. अँबेसिडरचा ब्लॉकही बिडाचा आणि हेडही बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. त्या काळातल्या जाड धातूनं पाणी बरीच वर्षं सोसलं, आणि आजचा सल्ला त्याच काळातला आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचं हेड अॅल्युमिनियमचं, अनेकांचा ब्लॉकसुद्धा अॅल्युमिनियमचा, आणि रेडिएटर म्हणजे पातळ अॅल्युमिनियमच्या नळ्यांना प्लॅस्टिकच्या टाक्या. वेगवेगळे धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र राहिले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजतं. पाण्यातले क्लोराइड त्याला बारीक छिद्रं पाडतात. कूलंटमधली गंजरोधक रसायनं हेच थांबवतात. ती वापरात संपत जातात, ग्लायकॉल स्वतःही हळूहळू आम्लात बदलतं, म्हणून द्रव ठरावीक काळानं बदलावा लागतो.

आता सोलापूरचं पाणी. उजनीचं पाणी नळाला रोज येईलच असं नाही. पिण्याचं पाणी जपून ठेवायचं आणि गाडीसाठी बोअर चालू करायचा, ही घरोघरची रीत. काळ्या पाषाणातून येणारं हे पाणी जड. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यातसुद्धा लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा चालवून घेतं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे मानकात बसणाऱ्या पाच लिटर पाण्यातूनही तीन ग्रॅमपर्यंत क्षार रेडिएटरमध्ये जाऊ शकतात. तीन ग्रॅम काहीच नाहीत, असं वाटेल. पण गळतीतून आणि वाफेतून पाणी जातं, क्षार बऱ्याच अंशी मागं राहतात, आणि दर आठवड्याला अर्धा तांब्या वरून ओतणारा माणूस दर आठवड्याला नवे क्षार ओतत असतो.

हे एकदा डोळ्यांनी पाहा. रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात टाक्या काढून उघडा पडलेला एखादा कोअर हमखास असतो. चपट्या नळ्यांचं तोंड आतून जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं. त्यात काठावर पांढरट, आत तांबूस असा खरखरीत थर बसलेला असतो. पांढरा भाग क्षाराचा, तांबूस इंजिनातल्या गंजाचा. निम्म्या नळ्यांतून तारही जात नाही. हा थर उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियमपेक्षा किमान पन्नास पट कमी. अशा रेडिएटरवर पंखा कितीही फिरो, काट्याला वर चढण्यापासून रोखता येत नाही. मग हेड वाकतं, गॅस्केट उडतं, लेथवर हेड फेस करायला जातं. कूलंटचे वाचवलेले पैसे एका दिवसात कितीतरी पटीनं जातात.

"पण आमच्या ट्रॅक्टरला विहिरीचं पाणीच असतं," हे उत्तर मला नेहमी मिळतं. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत लायनरभोवती थेट पाणी फिरतं. लायनरच्या कंपनानं त्या पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि त्यानं लायनरला बाहेरून खड्डे पडतात. त्यांनाही गंजरोधक हवंच आहे.

घरी कूलंट बदलणं अवघड नाही, पण तिथंही एक गैरसमज दबा धरून असतो: खालची तोटी उघडली की सगळं जुनं निघालं. निघत नाही. रेडिएटर रिकामा होतो, ब्लॉक आणि हीटरमधलं तसंच राहतं, ढोबळमानानं निम्मं. समजा गाडीची क्षमता पाच लिटर आहे, आत सगळं पाणीच होतं आणि अडीच लिटर निघालं. आता बाजारातलं तयार मिश्रण अडीच लिटर ओतलं तर गाडीत कूलंटचं प्रमाण पन्नास नव्हे, पंचवीस टक्के होतं. तिथं अडीच लिटर निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतलं तरच निम्मं-निम्मं साधतं.

म्हणून रीत अशी. गाडी सपाट जागी, रात्रभर थंड झालेली. हीटरचा खटका पूर्ण गरमवर. खालची तोटी उघडा. तोटीच नसेल तर खालच्या होजची क्लिप सैल करा. मग डिस्टिल्ड पाणी भरून गाडी गरम होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड करा, पुन्हा काढा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करा. बॅटरीत टाकायचं डिमिनरलाइज्ड पाणी चालतं, फक्त दुकानदाराकडून अॅसिड घेऊन येऊ नका. शेवटी क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट, वरून तेच पाणी. सावकाश ओता, वरचा होज हातानं दाबत राहा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील. झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू करा. वरचा होज एकदम तापला की थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, भर घाला आणि झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, रेडिएटरला जोडलेल्या रिझर्व्ह बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. गाडीला हवा काढायचा वेगळा स्क्रू असेल तर तो पुस्तिकेत दाखवलेला असतो.

बाकीचे समज थोडक्यात. थर्मोस्टॅट काढून टाकल्यानं गाडी थंड राहते, हे खोटं: काही इंजिनांत त्यामुळे बायपास उघडा राहतो आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच फिरतो, बाकीच्यांत इंजिन नेहमी थंडच राहून पेट्रोल जास्त खातं. हिरवं, लाल, निळं यावरून प्रत सांगता येत नाही. रंगाला कुठलंही मानक नाही, बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ आहे का आणि पुस्तिकेशी जुळतं का ते वाचा. दोन जातींचं कूलंट मिसळू नका. निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरणं जास्त चांगलं नाही, ते उष्णता कमी वाहतं. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण त्यात क्षार शिल्लक असतातच. आणि तापलेल्या गाडीचं झाकण ओलं फडकं धरूनही उघडायचं नाही. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर येतं.

"कूलंट गोड लागतं म्हणजे निरुपद्रवी" हा समज मात्र जीवघेणा आहे. एथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. मोठ्या माणसालाही शंभर मिलिलिटरच्या आसपास पुरतं, लहान मुलाला आणि कुत्र्या-मांजराला त्याहून खूप कमी. याच कुळातलं डायएथिलीन ग्लायकॉल भेसळीच्या ग्लिसरीनमधून औषधात गेलं आणि १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली होती. म्हणून जुनं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, गटारात ओतू नका, थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत 'विष' लिहा आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवत घरी थांबू नका. बाटली सोबत घेऊन थेट सिव्हिल गाठा.