गावठी ते कोकण कपिला

रत्नागिरी जिल्ह्यातील गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या गाईला अगदी अलीकडेपर्यंत सरकारदरबारी नाव नव्हते. लहान चणीची, डोंगरउतारावर मोकळी चरणारी, कोकणचा धुवाधार पाऊस आणि दमट उष्मा सोसणारी, दिवसाकाठी दोन-अडीच लिटर दूध देणारी ही गाय लोकांच्या तोंडी 'गावठी' होती आणि पशुगणनेच्या तक्त्यात 'अवर्णित'. वर्णन झाले नाही म्हणून अवर्णित, आणि अवर्णित म्हणून दुर्लक्षित. संकरासाठी बाहेरचे वळू आणताना जिला वगळायचे ती हीच.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील अभ्यासकांनी या गाईची उंची, शिंगे, वशिंड, रंग, दूध यांच्या नोंदी केल्या. त्यांच्या आधारे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी केली. नाव ठरले 'कोकण कपिला'. कपिला म्हणजे पिंगट वर्णाची. प्रत्यक्षात ही जात तांबूस, काळी, पांढरी, करडी अशा नाना रंगांत आढळते. तेव्हा नाव काटेकोर नाही. पण 'गावठी'त जो हिणकस सूर होता, तो मात्र त्याने पुसला.

महाराष्ट्रातील इतर जातींची नावे बहुधा ठिकाणांवरून पडली आहेत. देवणी हे लातूरकडील गाव, लाल कंधारी नांदेडच्या कंधारची, डांगी डांग प्रदेशातील. 'खिल्लार' मात्र कळप या अर्थाच्या शब्दातून आले. देवणीत तर ठिपक्यांच्या ठेवणीवरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे पोटभेदही आहेत. जाणकार जनावर पाहताच ते सांगतो.

जातीचे नाव कागदासाठी. गोठ्यातले नाव हाकेसाठी. तांबडी ती तांबू, ठिपक्यांची ती कबरी, कपाळावर पांढरा टिळा असलेली ती चंद्री. बैलांत पांढरा तो ढवळा आणि पोवळ्याच्या रंगाचा तो पवळा. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण घरोघरी असते. मात्र तिच्यातील दोन्ही नावे रंगावरूनच पडली आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही.

जैन कथावाङ्मयातही दोन वासरांची नावे जपली गेली आहेत. मथुरेचा श्रावक जिनदास याने जनावरे न पाळण्याचे व्रत घेतले होते. एका स्नेही गवळ्याने आग्रहाने दोन गोऱ्हे त्याच्या दारी आणून बांधले. त्यांची नावे कंबल आणि शंबल. परत पाठवले तर दुसरीकडे त्यांचे हाल होतील, म्हणून जिनदासाने ते ठेवून घेतले. तो उपवास करी त्या दिवशी तेही चाऱ्याला तोंड लावत नसत. पुढे यात्रेतील शर्यतीसाठी एका मित्राने त्यांना न विचारता नेऊन जुंपले आणि ते जर्जर होऊन परतले. नवकार मंत्र ऐकत त्यांनी देह ठेवला, ते नागकुमार देव झाले आणि गंगेत भगवान महावीरांची नाव बुडू लागली तेव्हा त्यांनीच ती सावरली. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' आहे. त्याचा अर्थ समजावण्यास या कथेहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच अतिचारांत 'छेद'ही आहे, आणि आज गोशाळा चालवणाऱ्या कुटुंबांपुढे तो प्रश्न वेगळ्या रूपात येतो. लाळ्या-खुरकूत रोगाच्या राष्ट्रीय लसीकरण मोहिमेचा आरंभ ११ सप्टेंबर २०१९ रोजी, योगायोगाने मथुरेतच झाला. तिच्यामुळे कानातील पिवळा बिल्ला आणि त्यावरील १२ अंकी क्रमांक गावोगाव पोहोचला. बिल्ल्यासाठी कान टोचावा लागतो. टीकाकारांनी 'छेद' शब्दाने कान-नाकासारखे अवयव कापून टाकणे सांगितले आहे. लस व औषधोपचार यांच्या नोंदीसाठी पडणारे एक छिद्र त्यात बसत नाही, असे मानणे रास्त वाटते. पण टोचणारा हात सराईत असावा आणि जखम चिघळू नये, एवढी काळजी तरी मालकाची आहे. तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे कितीतरी सौम्य.

क्रमांक आला म्हणून नाव अनावश्यक ठरते काय? व्यापारी वाचकाला आवडेल असा एक हिशेब इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाने २००९ साली मांडला. ५१६ दूध उत्पादकांच्या पाहणीत, गाईंना वैयक्तिक नावे असलेल्या गोठ्यांत गाईमागे वर्षाला २५८ लिटर दूध अधिक निघाले. दूध नावाने वाढले असे नव्हे. जो नाव ठेवतो तो गाईकडे लक्षही देतो, एवढाच त्याचा अर्थ.

बिल्ल्याच्या नोंदीत जातीचा रकाना असतो. कोकणातील कित्येक मालक, आणि जीवदयेपोटी गाई सोडवून आणणाऱ्या संस्थाही, तेथे सवयीने 'गावठी' सांगतात. मग ती कोकण कपिला नोंदीतून निसटते, आणि तिला रेतनासाठी कोणत्या जातीचा वळू मिळावा हेही तेथेच चुकते. पांजरपोळांच्या वह्यांत आलेल्या जनावराचा रंग, वय आणि आजार लिहिला जातो. त्याच ओळीत जात, आणि पूर्वीच्या मालकाकडून कळले तर हाकेचे नाव, लिहून ठेवायला शाईच्या दोन थेंबांहून अधिक खर्च नाही. नव्या जागी बुजलेली गाय ओळखीच्या हाकेला मान वर करते.