निंबोळीच्या अर्काचें खरें कार्य

कडुनिंबाचा वाळलेला पाला धान्याच्या कणगींत घालण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. असें असूनही निंबोळीचा अर्क उभ्या पिकावर फवारणारे कित्येक शेतकरी दुसऱ्याच दिवशीं निराश होतात. अळ्या जिवंत दिसतात. मग अर्क कुचकामी ठरवून ते जहाल विषाकडे वळतात. केलेला खर्च व मेहनत वायां जाते, ती बहुधा अर्काच्या दोषामुळें नव्हे, तर त्याचें कार्य कसें चालतें हें ठाऊक नसल्यामुळें. म्हणून त्याचा थोडा खुलासा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झाडास शत्रूपासून पळून जातां येत नाहीं. सबब अनेक वनस्पति आपल्या अंगींच कडू वा विषारी द्रव्यें तयार करून स्वतःचें रक्षण करितात. तंबाखूंतील निकोटिन कीटकांच्या मज्जातंतूंवर आघात करितें, व कीड थोड्याच वेळांत मरते. कडुनिंबाची तऱ्हा निराळी आहे. १९६२ सालीं टोळधाड आली असतां दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेंत डॉ. एस्. प्रधान व त्यांचे सहकारी यांनीं निंबोळीच्या मगजाचें अत्यंत पातळ मिश्रण उभ्या पिकांवर फवारलें. टोळ त्या पिकांवर उतरले, परंतु त्यांनीं तीं खाल्लीं नाहींत. पुढें १९६८ सालीं इंग्लंडांतील बटरवर्थ व मॉर्गन यांनीं टोळांस खाण्यापासून परावृत्त करणारें द्रव्य निंबोळीच्या बियांतून वेगळें काढलें. त्यास ॲझाडिरॅक्टिन म्हणतात.

हें द्रव्य तीन प्रकारें काम करितें. एक, फवारलेलें पान तोंडीं लागतांच अळीची खाण्यावरील वासना उडते. दुसरें, वाढत्या अळीस वरचेवर कात टाकावी लागते, व ती टाकण्याची आज्ञा तिच्या शरीरांतील एक रस देत असतो. ॲझाडिरॅक्टिन त्या रसाच्या उत्पत्तींत बिघाड करितें. मग अळीस धड कात टाकतां येत नाहीं व ती अर्धवट अवस्थेंत मरते. तिसरें, मादी अंडीं कमी घालते. यांपैकीं एकही गोष्ट एका रात्रींत नजरेस येणारी नव्हे. यास्तव मेलेल्या अळ्या मोजून अर्काची परीक्षा करूं नये. चार-पांच दिवसांनीं पिकाची नवी कुरतड थांबली कीं नाहीं, तें पाहावें.

यावरूनच वापराचे नियम निघतात. मोठ्या अळीच्या कातीं थोड्याच उरलेल्या असतात, व घाट्यांत शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोहोंचत नाहीं. म्हणून हरभऱ्यास फुलें येऊं लागतांच, अळ्या बारीक असतां, फवारणी करावी. उन्हांत हें द्रव्य थोड्याच दिवसांत नाश पावतें. सबब सायंकाळीं फवारावें, आणि आठ-दहा दिवसांनीं गरज पाहून पुन्हां फवारावें. कीड अनावर झाल्यावर केवळ अर्कावर विसंबणें मात्र शहाणपणाचें नाहीं.

कृति सोपी आहे. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड पूड १० लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी. दुसऱ्या दिवशीं ती फडक्यांतून पिळून घ्यावी, त्यांत २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा व पाणी घालून एकंदर १०० लिटर करावें. हा शेंकडा ५ चा अर्क होय. तो त्याच दिवशीं वापरून संपवावा.

निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडीं वेंचून, गर धुऊन, सावलींत वाळवून, हवा खेळेल अशा गोणपाटांत ठेवाव्या. बुरशी चढलेल्या अथवा गेल्या सालच्या निंबोळ्या घेऊं नयेत. त्यांचा गुण गेलेला असतो. हरभरा फुलावर येतो हिवाळ्यांत, निंबोळी पडते आषाढाच्या सुमारास. बांधावरील झाडाखालची ती रास त्या वेळीं चिखलांत कुजूं दिली, तर पुढें घाटे अळी दिसल्यावर आयत्या वेळीं ती कोठून आणणार, याचा विचार प्रत्येक शेतकरी बंधूनें आधींच करावा.