न दिसणारी जखम

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कशी होती, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. दगडमातीची घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. ढिगारे उपसण्यासाठी सैन्याचे जवानही धावून आले.

धरणीचा तो मोठा हादरा थोड्याच वेळात थांबला. पण ज्यांची घरे शाबूत होती, अशी माणसेही पुढे कित्येक रात्री अंगणात झोपली. एखादे भांडे पडले तरी ती दचकत. त्यांना भित्री म्हणता येईल का? मुळीच नाही. जमीन शांत झाली होती, मन अजून शांत झाले नव्हते.

पायदळातील जवानाचेही असेच होते. पायदळ म्हणजे पायी चालून लढणारे सैन्य. गोळीबार, सुरुंग, कडाक्याची थंडी या सर्वांना त्याला समोरासमोर तोंड द्यावे लागते. सियाचीनच्या बर्फात तर निसर्गच शत्रू होतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथे हिमकडा कोसळून दहा जवानांचे प्राण गेले.

धोका जाणवताच छाती धडधडते, कान टवकारतात, झोप उडते. रणांगणावर ही सावधगिरी प्राण वाचवते. परंतु महिनोन्‌महिने सावध राहिलेले मन घरी आल्यावरही पहारा सोडत नाही. मग फटाका वाजला तरी अंगाला घाम फुटतो. गमावलेला सोबती स्वप्नात येतो. चिडचिड वाढते, बोलणे कमी होते. प्रत्येक जवानाला हा त्रास होतो असे नाही. पण तो कोणत्याही शूर माणसाला होऊ शकतो.

पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) असे हजारो सैनिक आढळले. त्यांतील काहींना भित्रे ठरवून शिक्षाही झाल्या. आज डॉक्टर याला आजार मानतात आणि त्यावर उपचार करतात. सैनिकांना फोनवरून मानसिक आधार मिळावा, म्हणून १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यात सैन्यदलांसाठी ‘टेली मानस’चा खास कक्ष सुरू झाला. सर्वसामान्य नागरिकांसाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.

नांदेड-लातूरच्या अनेक गावांत सुट्टीवर आलेले किंवा निवृत्त झालेले जवान तुम्हांला भेटतील. त्यांना “तुम्ही किती शत्रू मारले?” असे विचारू नका. “झाले गेले विसरून जा,” असेही सांगू नका. त्यांना बोलावेसे वाटले, तर शांतपणे ऐका. त्रास फार दिवस राहिला, तर त्यांनी डॉक्टरांकडे जावे असे घरातील मोठ्या माणसांना सांगा.

पायाला गोळी लागलेल्या जवानाला आपण आधार देतो. मनाला जखम झालेल्या जवानालाही तोच आधार हवा असतो.